शेपटीचा एक

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अनुष्काने आतल्या खोलीतून हाक मारली. हाक म्हणजे नाव घेऊन नाही. तीन वर्षांत तिने मला कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने, गुरुदत्तने, सुचवलेलं ‘मावशी’ ती माझ्याबद्दल इतरांशी बोलताना वापरते. माझ्याशी बोलताना मात्र वाक्यच असं जुळवते की मला काही म्हणायची वेळ येऊ नये. सोळा वर्षांच्या मुलीला हे इतकं सफाईने जमतं याचं मला कधीकधी कौतुकही वाटतं. “हे काहीतरी मागतंय,” एवढंच ती म्हणाली. मी कणकेचे हात तसेच घेऊन दारापर्यंत गेले. पलंगावर ऋचाचा लॅपटॉप उघडा होता. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत अठ्ठेचाळीस अंकी किल्ली टाकायची सूचना आली होती, आणि खाली सहा-सहा अंकांच्या आठ रिकाम्या जागा होत्या. मला वाचायची गरज नव्हती. गेले तीन आठवडे दुकानात हाच पडदा मी दिवसातून चार-चार वेळा बघत होते. पण दुकानात तो बघून मला काही होत नाही, आणि इथे मी दारातून हललेच नाही. खोटं कशाला बोलू, मनात पहिला शब्द आला तो ‘बरं झालं’ हा.

ऋचा म्हणजे गुरुदत्तची पहिली बायको, अनुष्काची आई. पाच वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी या करंजाड्याच्या घरात आले. वय छत्तीस, पहिलंच लग्न, आणि तेही बिजवराशी. ‘दुसरेपणावर दिली’ असं आमच्या गावात म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज थोडा खाली आणतात. घरात तिचा एकच फोटो आहे, तोही लहान. फोटोचं मला काही वाटत नाही. फोटोकडे बघून मी दिवे लावते, धूळ पुसते, मनातल्या मनात भांडतेसुद्धा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत: धने, मेथ्या, कोकम. त्या मी काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर कुणी एक शब्द बोललं नसतं, आणि ते न बोलणं मला नको होतं. पण लॅपटॉपची गोष्ट वेगळी होती. लॅपटॉपमध्ये, जुन्या व्हिडिओंत, ती बोलत होती. रविवारी सकाळी अनुष्का दार लोटून घ्यायची आणि तासभर आत बसायची. मधूनच गुरुदत्त चहाचा कप घेऊन सहज गेल्यासारखा आत जायचा आणि अर्धा तास बाहेर यायचा नाही. बंद दारातून शब्द कळायचे नाहीत, फक्त आवाज कळायचा: थोडा घोगरा, भराभर बोलणारा, वाक्याच्या शेवटी हसण्याकडे झुकणारा. एकदा फक्त “अनू, टॉवेल!” एवढं स्पष्ट ऐकू आलं आणि त्याच्या पाठोपाठ गुरुदत्त हसला. तसं हसताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही. माझ्या बोलण्यावर तो हसतो, नाही असं नाही, पण ते हसणं चांगल्या माणसाचं हसणं आहे. ते दुसरं हसणं दोन शब्दांवर आलं होतं, आणि त्यातला एक शब्द टॉवेल होता.

आता त्या पडद्याबद्दल सांगायला हवं, कारण माझा गुन्हा तिथून सुरू होतो. पनवेलला एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे, संगणक दुरुस्तीचं. गिऱ्हाइकांना मी समजावून सांगते ते असं: लॅपटॉपच्या आत नखाएवढी एक चिप असते. तिचं काम सोसायटीच्या वॉचमनचं. तुमच्या डिस्कला कुलूप लावलेलं असतं आणि त्याची किल्ली वॉचमनच्या खिशात असते. रोज मशीन सुरू झालं की तो आधी चेहरा बघतो, कालचाच आहे ना, आणि मग मुकाट्याने दार उघडतो, तुम्हाला कळतही नाही. पण मोठं अपडेट आलं, आतलं मूळ सॉफ्टवेअर बदललं, की चेहरा बदलतो. वॉचमन म्हणतो, मी यांना ओळखत नाही. मग दुसरी किल्ली आणा, अठ्ठेचाळीस अंकांची, जी मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा कुठेतरी जपून ठेवायला सांगितलेली असते आणि जी कुणीही जपून ठेवलेली नसते. यावर उपाय अगदी साधा आहे. अपडेट करायच्या आधी कुलूप थोडा वेळ बाजूला ठेवायचं, एक बटण, आणि अपडेट झालं की परत लावायचं. नवा चेहरा चिप आपणहून शिकून घेते. दुकानात टेबलासमोरच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने कागद लिहून चिकटवला आहे. त्याची पहिलीच ओळ आहे: आधी कुलूप बाजूला.

शनिवारी ऋचाच्या लॅपटॉपवर अपडेट मीच केलं. जुन्या सॉफ्टवेअरला आता कंपनी विचारणार नाही, करून घेतलेलं बरं, असं मी जेवताना म्हणाले होते आणि अनुष्काने मान डोलावली होती. तिने तिच्या आईचा लॅपटॉप माझ्या हातात पहिल्यांदाच दिला होता, दोन्ही हातांनी, पूजेचं ताट द्यावं तसा. मी तासभर काम केलं. सगळं केलं. कुलूप बाजूला ठेवायला विसरले. विसरले, असंच मी रविवारी सकाळी कणीक मळत स्वतःला सांगितलं. गेल्या तीन आठवड्यांत साठ-सत्तर मशीनवर जी गोष्ट माझा हात डोक्याला न विचारता करतो, ती या एका मशीनवर हात विसरला. माणसाचा हात असा निवडून विसरतो का? मी कणकेचा गोळा उगाचच पुन्हा पुन्हा तिंबत राहिले. पोळ्या त्या दिवशी इतक्या मऊ झाल्या की गुरुदत्तने मुद्दाम सांगितलं.

त्याला मी पडद्याचं सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. आरशातूनच त्याने विचारलं, होईल ना नीट? मी म्हणाले, किल्ली मिळाली तर होईल. किल्ली बहुतेक ऋचाच्या ऑनलाइन खात्यात असणार, आणि खात्यात शिरायला तिच्या मोबाइलवर येणारा आकडा लागणार. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे. हे गुरुदत्तला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं, कारण मागच्या वर्षी त्याच्या फोनमध्ये मी गेलेल्या कॉलची यादी बघितली होती. तिच्या वाढदिवसाच्या दिवशी त्याने त्या नंबरवर फोन लावला होता. आठ सेकंद. पलीकडे कुणी भलताच माणूस ‘कोन हाय?’ म्हणाला असेल आणि याने ठेवला असेल. न्हावा शेव्याच्या कंटेनरांची कागदपत्रं सांभाळणारा, एक कॉमा चुकू न देणारा माणूस, आणि दुसऱ्याच्या झालेल्या नंबरवर आठ सेकंद. त्या आठ सेकंदांचा मला जेवढा राग आला तेवढा त्याने खरोखरच एखाद्या बाईला फोन केला असता तरी आला नसता. त्या बाईचं वय झालं असतं, तिचं वजन वाढलं असतं, ती त्याच्याशी कधीतरी वाईट वागली असती. ऋचा अडतिसाव्या वर्षी थांबली. मी आता एकोणचाळीसची आहे. सवतीपेक्षा मोठी झालेली बाई मी, आणि यापुढे दर वर्षी आणखी मोठी होत जाणार.

दुपारी अनुष्काला ते पान सापडलं. ऋचा मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या टाचणवह्या, म्हणजे शिक्षक रोजच्या तासाची तयारी ज्यात लिहितात त्या, माळ्यावर एका खोक्यात होत्या. अनुष्काने सगळं खोकं खाली काढलं आणि शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते होतं: ‘लॅपटॉपची किल्ली. जपून ठेवणे.’ खाली सहा-सहा अंकांचे आठ गट, चार ओळींत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सरळ. ती धावतच बाहेर आली. तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, माझ्याकडे वळलेला तर नाहीच. तिने वही जेवणाच्या टेबलावर ठेवली, लॅपटॉप आणला आणि एकेक अंक मोठ्याने म्हणत टाकायला सुरुवात केली. गुरुदत्त खिडकीशी उभा राहिला. तो टेबलाजवळ आला नाही. वहीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. खाली ट्रेलर वळत होता तो बघत राहिला. मी अनुष्काच्या पाठीमागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. पहिला गट लागला. दुसरा लागला. तिसऱ्यावर पडदा अडला: अंक चुकले आहेत. तिने पुन्हा म्हटलं, टू, फाइव्ह, एट, झीरो, नाइन, सिक्स. पुन्हा अडला.

मला पहिल्या नजरेतच दिसलं. तो नऊ नव्हताच. तो एक होता. ऋचा बाकी सगळे अंक इंग्रजी लिहीत होती, शाळेत अलीकडे दोन्ही चालतं, पण एक मात्र ती मराठी काढायची: वर गोल आणि खाली डावीकडे वळलेली शेपटी. तिचा खरा नऊ वेगळा होता. पहिल्या गटात तसा नऊ होता, त्याची दांडी पट्टीने मारल्यासारखी सरळ. ही खोड कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत पाटीवर पहिला अंक गिरवला तो एक, आणि पुढे बाकीच्या अंकांनी कपडे बदलले तरी तो तसाच राहिला. अनुष्का शिशुवर्गापासून इंग्रजी शाळेत. आईने दुसऱ्यांच्या मुलांना आयुष्यभर मराठीतून भागाकार शिकवले आणि स्वतःच्या मुलीला एक ओळखता येत नव्हता. मला खात्री करून घ्यायलाही वेळ लागला नाही. या किल्लीतला प्रत्येक गट अकराने भागला जातो, लिहिताना चूक झाली तर कळावी म्हणून तशी सोय असते. दोन आणि आठ आणि एक, अकरा. पाच आणि शून्य आणि सहा, अकरा. एकाआड एक अंकांची बेरीज सारखी, म्हणजे भाग गेला. सहावीतली कसोटी. नऊ धरला तर एकोणीस आणि अकरा; जुळत नाही. पुढे सहाव्या आणि सातव्या गटातही ती शेपटी होती. माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण त्याच वेळी अनुष्काने बोटाने त्या पानावरचा तो अंक अलगद चोळला, पुसट झालाय का बघायला, आणि मला तिचं ते बोट दिसलं. माझ्या कुठल्याच वस्तूला कुणी असा हात लावलेला नाही. मी गप्प राहिले.

ती तासभर झगडली. आठचा तीन करून बघितला, पाचचा सहा, शून्याचा सहा. नऊ मात्र बदलला नाही. तो तर स्वच्छ नऊ दिसत होता. शेवटी तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “दुकानात यावर काही युक्ती असते का?” असं विचारलं. प्रश्नात मी कुठेच नव्हते, दुकान होतं. मी म्हणाले, “नाही.” एवढाच शब्द. उच्चारायला किती सोपा असतो. ती उठली, वही बंद केली आणि लॅपटॉपवर ठेवली, आणि दोन्ही घेऊन आत गेली. गुरुदत्त खिडकीपासून वळला आणि म्हणाला, “वेणू, तू बघितलंस ना? मग झालं. तुला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमणार नाही.” असा विश्वास टाकणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. मी भांडी घासायला घेतली.

सोमवारी दुकानात मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. एका वकिलांचा लॅपटॉप, एका कोचिंग क्लासचे दोन, सगळ्यांचं एकच दुखणं. एक म्हातारे गृहस्थ कागदाच्या पुडीत किल्ली गुंडाळून घेऊन आले होते, ती लावून दिली तेव्हा त्यांनी मला हात जोडले. मला ते हात सहन झाले नाहीत. अंक मनात आपोआप फिरत होते. मी ते पान एकदाच बघितलं होतं, पण माझ्या डोक्याला ती वाईट सवय आहे, आकडे चिकटतात. सकाळी रिक्षात बसल्यावर मला पहिले तीन गट पाठ असल्याचं कळलं, आणि दुपारपर्यंत आठही. अठ्ठेचाळीस अंक, ऋचाच्या अक्षरात, डोळे मिटले की समोर. तिच्या घरात राहते, तिच्या डब्यांतून फोडणी घालते, आणि आता तिची किल्लीही माझ्याच डोक्यात; आणि तरी त्या बंद खोलीत मला जागा नाही. मी गिऱ्हाइकाच्या मशीनचे स्क्रू काढत होते आणि मनात हिशेब चालला होता की मी काय गमावते आहे आणि काय कमावते आहे. लॅपटॉप बंद राहिला तर रविवारी सकाळी तिघंही हॉलमध्ये असू. अनुष्का पेपर वाचेल, कंटाळेल, मला काहीतरी विचारेल. आवाज हळूहळू विसरतो, असं म्हणतात. चेहऱ्याच्या आधी आवाज जातो. वर्षभरात त्यांना तो ‘टॉवेल’ नीट आठवणार नाही. मग गुरुदत्तच्या घशात अडकून राहिलेलं ते हसणं कुणाकडे तरी वळेलच ना. इतका नीच विचार मी स्पष्ट शब्दांत केला, आणि करताना स्क्रू एकही हरवला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. माझं माहेर उरणच्या वाटेवरच्या गावातलं. वडील बंदरावर ट्रेलर चालवायचे. आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिने आवाजावरून ओळखलं की काहीतरी आहे आणि तिच्याकडे सगळ्यावर एकच औषध आहे. माझ्या लग्नातही ती त्यासाठी अडून बसली होती. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायची पद्धत होती. पहिलीला मान दिला की ती त्रास देत नाही. मी तेव्हा हसून उडवून लावलं होतं. संगणकाचं दुकान चालवणारी बाई मी, गळ्यात सवत बांधून फिरू का? आई फोनवर म्हणाली, “तुला तवाच सांगितलं व्हतं. टाक घाल गल्यान. मान दिला का ती तरास नाय देत.” मी म्हणाले, “ती कुठे काय त्रास देतेय, आई.” आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, “त्रास मी देतेय तिला.” आईने पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, “तिला काय गो, ती गेली. पोर हाय ना जिती.” आणि वेगळ्या विषयावर गेली, भावाच्या नव्या घराच्या स्लॅबवर. मी हुं हुं करत राहिले. घरी अनुष्का जेवायला बाहेर आली नाही. गुरुदत्तने ताट आत नेलं आणि तसंच परत आणलं.

मंगळवारी पाचच्या सुमारास ती दुकानात आली. तीन वर्षांत ती दुकानात कधी आलेली नव्हती, आत कुठून यायचं हेही तिला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या बाजूनेच आली आणि काउंटरवर लॅपटॉप ठेवला. क्लासची बॅग पाठीला तशीच. डोळ्यांखाली काळं. म्हणाली, “बाबा म्हणाले, आता सोडून दे. पुसून टाकलं तर नवीन करून वापरता येईल ना? मला कॉलेजला लागणारच आहे.” सगळं पाठ करून आल्यासारखं एका दमात. मी म्हणाले, येईल. पुसून टाकायचं तर दोन मिनिटांचं काम होतं. चिप रिकामी करायची, डिस्क रिकामी करायची, आणि ऋचा या जगातून दुसऱ्यांदा जायची, तेही तिच्या मुलीच्या सहीने. मला जे हवं होतं ते काउंटरवर आणून ठेवलं होतं. मी कुणाच्या हातून हिसकावलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. मी नेहमीचं कार्ड पुढे ओढलं. दुकानाचा नियम आहे: नाव, फोन नंबर, काय काम, आणि खाली सही की मशीनमधली माहिती गेली तरी माझी हरकत नाही. मी लिहायला लागले. नाव अनुष्का. नंबर गुरुदत्तचा घातला, तो मला झोपेतही येतो. ती उलट्या बाजूने वाचत होती. मी कार्ड फिरवून सहीसाठी तिच्याकडे सरकवलं. तिने पेन घेतलं आणि थांबली.

“हा बाबांचा नंबर नाहीये.”

मी म्हणाले, आहे की. ती म्हणाली, “नाही. इथे नऊ कसा? इथे वन पाहिजे.” तिचं बोट त्या अंकावर होतं. वर गोल, खाली डावीकडे शेपटी. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. ती फक्त एक चूक दाखवत होती, आईसारखी नीटनेटकी मुलगी. तिच्या हातातलं पेन मी परत घेतलं. एक उभी रेघ मारली असती तर झालं असतं. ‘हो की, चुकलं,’ म्हणून त्या अंकावर इंग्रजी एक गिरवायचा, कार्ड परत द्यायचं, सही घ्यायची. पेनचं टोक मी कागदावर टेकवलंही. शाईचा ठिपका पडला. मला त्या क्षणी आईचं बोलणं आठवलं नाही, देव आठवला नाही, गुरुदत्त आठवला नाही. रविवारचं तिचं बोटच आठवलं, वहीवर फिरणारं. आता ते माझ्या अंकावर होतं. तेवढ्यासाठीसुद्धा मला कुणाचा तरी हेवा वाटला; कुणाचा, ते नाही सांगता येणार.

“तो एकच आहे,” मी म्हणाले. “मराठीतला. मी एक असाच काढते.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती कार्डाकडेच बघत होती. मग बॅग पुढे घेतली, चेन उघडली आणि टाचणवही बाहेर काढली. पुसून टाकायला आलेली मुलगी वही घेऊन आली होती. तिने शेवटचं पान उघडून माझ्या कार्डाशेजारी ठेवलं आणि दोन्ही अंक जवळजवळ आणले. माझा आणि ऋचाचा. कुणी एकाच हाताने काढले असावेत असे. मग तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि उभ्याउभ्याच टाकायला सुरुवात केली. या वेळी मोठ्याने नाही. तिसरा गट लागला. चौथा, पाचवा. सहाव्यावर ती अडखळली, पुन्हा कार्डाकडे बघितलं, मग टाकला. आठवा लागला आणि निळा पडदा गेला. पासवर्ड तिला माहीत होता. समोर फायलींच्या रांगा आल्या: सहावी ब गुण, सातवी अपूर्णांक, अनू गॅदरिंग. तिने एकही उघडली नाही. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. झाकण अर्धं खाली घेऊन तिने विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

‘आत्ताच लक्षात आलं’ असं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता, तिला ठेवायचाच होता असं मला वाटतं. मी म्हणाले, “परवापासून. तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हापासून.” आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगून टाकलं, की शनिवारी कुलूप बाजूला ठेवायचं राहिलं ते माझ्याकडून, आणि ते विसरणं होतं की नाही हे मला खरंच माहीत नाही. तिने भिंतीवरचा कागद वाचला. पहिली ओळ वाचायला एवढा वेळ लागत नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिच्या धुराने काउंटरची काच गढुळली आणि परत स्वच्छ झाली. मी सांगितलं की अजून काम पुरं झालेलं नाही, चिपला नवा चेहरा शिकवायला हवा, नाहीतर उद्या परत अडेल. पाच मिनिटं लागतील. ती म्हणाली, “आणि नवी किल्ली काढ. जुनी तुला पाठ असेल.”

मला ती पाठ होती. मी नाही म्हणाले नाही. लॅपटॉप माझ्याकडे घेतला, कुलूप बाजूला ठेवलं, परत लावलं, जुनी किल्ली रद्द केली, नवी मागितली. पडद्यावर आठ नवे गट आले. मी खात्यात ठेवू का विचारलं, तिने मान हलवली आणि वही पुढे ओढली. ऋचाच्या अंकांखाली चार बोटं जागा होती. ती लिहायला वाकली तेव्हा मी अजून पडद्यासमोरच होते. तिने आधी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, मग डावा हात पानाभोवती आडवा धरला, परीक्षेत मुलं शेजारच्यापासून उत्तर लपवतात तसा. तरी पहिला अंक मला दिसलाच. एक होता. तिने तो शेपटीचा काढला, हळू, पहिल्यांदा गिरवणाऱ्याचा असतो तसा वाकडा, आणि हात आणखी पुढे घेतला. मग मी पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं. आत अजूनही जळत होतं, जराही कमी झालेलं नव्हतं. पण बघायचं नाही एवढं माझ्या हातात होतं. पेनाचा आवाज येत राहिला, मग थांबला. ती सांगेपर्यंत मी वळणार नव्हते. तिने बराच वेळ सांगितलं नाही.